ब्राइस कॅन्यन : आधी उतरायचं, मग चढायचं

सह्याद्रीत गड चढणाऱ्याचा हिशेब ठरलेला असतो. सकाळी ताज्या पायांनी चढायचं, माथ्यावर भाकरी खायची आणि उतरताना गप्पा हाणत यायचं. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ब्राइस कॅन्यनला हा हिशेब उलटा बसतो. गाडी लागते कड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ८,००० फुटांवर, आणि सुळके सगळे खाली. म्हणजे सुरुवात उताराने, आणि सगळ्यात खडा चढ वाट्याला येतो तो शेवटच्या किलोमीटरला, ऊन तापल्यावर, बाटलीत दोन घोट उरल्यावर. पन्नाशी ओलांडलेल्या कॉलेजच्या दोस्तांचा गट न्यायचा तर बाकीची सगळी आखणी या एका गोष्टीवर बेतावी लागते. आम्ही आठजण सप्टेंबरअखेर गेलो. निम्मे अमेरिकेतलेच, निम्मे पुण्या-मुंबईहून आलेले. एकाचा गुडघा दुखरा, एकाला मधुमेह, एकाला उंचीची धास्ती. अशा गटाने काय केलं आणि तसंच का केलं, ते इथे मांडलं आहे.

नावात कॅन्यन असलं तरी ही दरी नव्हे. दरी नदी कापते, आणि इथे कापणारी नदीच नाही. पॉन्सागन्ट नावाच्या पठाराची पूर्वेकडची कड झिजून मागे मागे सरकते आहे आणि तिच्या पोटात मोठमोठे अर्धगोल कोनाडे पडले आहेत. त्यांतला सगळ्यात मोठा तो ब्राइस अँफिथिएटर, आणि बहुतेक पर्यटक पाहतात तो एवढाच भाग. एबेनेझर ब्राइस हा मूळचा स्कॉटलंडचा सुतार १८७०च्या दशकात इथे येऊन राहिला, त्याच्यावरून हे नाव. ‘गाय हरवायला महाभयंकर जागा’ असं तो म्हणायचा, असं सांगतात. खाली उतरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ते पटतं. १९२३ साली या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९२८ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली.

निघोजचे रांजणखळगे पाहिलेल्या माणसाला वाटतं, दगडात असलं कोरीव काम पाण्याच्या भोवऱ्याशिवाय होत नाही. तिथे ते खरंच आहे. कुकडीच्या प्रवाहात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसॉल्ट घासून खळगे केले. ब्राइसला मात्र काम करतो तो बर्फ, आणि तोही भेगेत शिरून. खडक चुनखडीचा. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी इथे तळी आणि पूरमैदानं होती, त्यांच्या तळाशी साठलेला हा गाळ. लोहाच्या ऑक्साइडने त्याला लाल, नारिंगी, पिवळा रंग आला आणि मँगनीजने कुठे कुठे जांभळट झाक. वर्षातल्या जवळजवळ निम्म्या दिवसांत इथलं तापमान शून्याच्या वर-खाली होत राहतं. दिवसा बर्फ वितळून पाणी भेगेत शिरतं, रात्री गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि भेग रुंदावतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आधी पठारातून उभ्या भिंतींसारख्या धारा सुटतात. मग धारेला मधोमध नेढं पडतं. नेढ्याचं छत कोसळलं की दोन बाजूंना दोन सुळके उरतात. यांनाच हूडू म्हणतात. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते चुनखडी विरघळवून कोपरे गोल करत राहतं. सुळका टिकतो तो बहुतेक वेळा डोक्यावरच्या टणक थरामुळे. हा थर डोलोमाइटचा, म्हणजे मॅग्नेशियम असलेल्या चुनखडीचा. तो हळू विरघळतो, खालचा मऊ थर भराभर झिजतो, म्हणून डोकं मोठं आणि मान बारीक. टोपी पडली की सुळक्याचे दिवस भरले.

कड्याची ही कड शंभर वर्षांत साधारण दोन ते चार फूट मागे सरकते. ऐकायला थोडं वाटतं, पण ती सरकते तुकड्यातुकड्याने, आणि पुढचा तुकडा कोणता ते कुणी सांगू शकत नाही. कठड्याबाहेर पाय टाकून फोटो काढायचा नाही तो यासाठी. कड्याच्या तोंडाशी घट्ट दिसणारी जमीन खालून पोखरलेली असू शकते.

लास व्हेगासहून गाडीने साधारण २७० मैल, न थांबता चार तास. भाड्याची गाडी बहुतेकजण तिथूनच घेतात आणि तिथेच पहिली गफलत होते. युटाचं घड्याळ नेवाडाच्या एक तास पुढे असतं. हॉटेलच्या चेक-इनला त्याने फारसं बिघडत नाही, पण गाडीचं घड्याळ पाहून सूर्योदयाला निघणारा हमखास तासभर उशिरा पोचतो. मोबाइल आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ बदलेलच असं नाही. उद्यानाआधी हायवे १२ वर रेड कॅन्यन लागतं, रस्ता लाल खडकातल्या दोन छोट्या बोगद्यांतून जातो. तिथे सगळे हमखास उतरतात, त्यासाठी अर्धा तास धरूनच ठेवावा.

प्रवेश गाडीमागे ३५ डॉलर, सात दिवस चालतो, त्यामुळे आठजणांत एकच मोठी व्हॅन परवडते. पार्किंगलाही तेच सोयीचं. मात्र २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या, सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक पाहुण्याला, वार्षिक पास नसेल तर, ब्राइससह ११ राष्ट्रीय उद्यानांत माणशी १०० डॉलर जास्त पडतात. भारतातून आलेले मित्र किंवा आईवडील बरोबर असतील तर खर्च आधी सांगितलेला बरा. गेटवर उभं राहून डॉलरचे रुपये करत बसलं की मागची रांग वाढते. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपलं तिथलं ओळखपत्र खिशात ठेवावं.

आता उंची. कळसूबाई १,६४६ मीटर. ब्राइसचा माथा २,४०० मीटरच्या पुढे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊण असतो. मुंबई किंवा ह्यूस्टनहून आदल्या दिवशी विमानाने आलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागते आणि रात्री डोकं जड होतं. म्हणून मुक्काम उद्यानाच्या दारात न करता ट्रॉपिक गावात केला. ते खाली, ६,३०० फुटांच्या आसपास आहे. झोप बरी लागते आणि सकाळी गाडीने वीसेक मिनिटांत गेट गाठता येतं. आल्या दिवशी उतरायचं नाही, फक्त कड्यावरून सपाटीला फिरायचं. दुसरं पथ्य जास्त अवघड. पुष्कळ वर्षांनी भेटलेले दोस्त पहिल्या रात्री बैठक मांडतात. या उंचीवर त्यातला दुसरा पेगच सकाळी चढावर हिशेब मागतो. दारू, कोरडी हवा आणि कमी पाणी एकत्र आलं की होणाऱ्या डोकेदुखीला सगळे ‘अल्टिट्यूड’ म्हणून मोकळे होतात. बैठक परतल्यावर ठेवा.

बूट. घोट्याला आधार देणारे, खोल नक्षीच्या तळाचे. इथल्या दुखापतींत पादत्राणांचा वाटा सगळ्यात मोठा, आणि कारण वाटेवर दोन पावलं टाकली की कळतं. वाट रुंद आहे, राखलेली आहे, पण कडक पृष्ठभागावर चुनखडीचा बारीक खडा पसरलेला असतो आणि तो फरशीवर सांडलेल्या ज्वारीसारखा पायाखालून गरगर सरकतो. सह्याद्रीतला घसारा निदान घसाऱ्यासारखा दिसतो, माणूस जपून पाय टाकतो. हा दिसतो गुळगुळीत रस्ता. चालण्याचे सपाट तळाचे बूट, सँडल आणि घासून गुळगुळीत झालेले जुने बूट तिन्ही बाद. उतरताना टाच आधी न टाकता पूर्ण पाऊल सपाट टाकायचं, गुडघे किंचित वाकवून, पावलं छोटी. काठ्या दोन असतील तर उतारावर लांब करायच्या आणि चढावर दहाएक सेंटिमीटर आखूड. हे न करता एकाच लांबीवर दिवस काढला की खांदे भरून येतात आणि दोष काठ्यांना जातो.

पाणी माणशी दीड लिटर. वाट लहान आहे म्हणून अर्ध्या लिटरची बाटली घेऊन उतरणारे खूप दिसतात. कड्याखाली वाटेवर पिण्याचं पाणी कुठेही नाही, आणि हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही. त्यामुळे तहान लागल्याचं उशिरा कळतं. व्हिजिटर सेंटरला बाटल्या भरून घेतल्या. अर्ध्या बाटल्यांत लिंबू, मीठ, साखर. खाण्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चिक्की, खजूर. चिवडा नेऊ नये, असं माझं मत झालं आहे. सांडतो, आणि सांडला की खारी येतात. खारींना खायला घालणं गुन्हा आहेच, शिवाय त्या बिनदिक्कत बोटाला चावतात. मधुमेही मित्राची ग्लुकोजची पाकिटं त्याच्याच खिशात ठेवायची. दुसऱ्याच्या सॅकमध्ये असलेली पाकिटं ऐनवेळी दोन वळणं पुढे निघून गेलेली असतात.

नावांनी होणारी फसगत इथे बरीच. सनसेट पॉइंटला सूर्यास्त पाहायला गर्दी होते आणि निराश होऊन परतते. अँफिथिएटरचं तोंड पूर्वेला आहे. संध्याकाळी सूर्य पाठीमागच्या पठाराआड गेला की सुळके आधीच सावलीत जातात आणि रंग उरतो तो लांबच्या डोंगरांवर. इथला खरा प्रकाश सकाळचा. सूर्योदयालाही सनराइज पॉइंटपेक्षा ब्राइस पॉइंट बरा. तो ८,३०० फुटांवर, कोनाड्याच्या दक्षिण टोकाला आहे, आणि पहिलं ऊन संपूर्ण कोनाड्यात कसं उतरतं ते तिथून दिसतं. सप्टेंबरअखेर सूर्य सव्वासातनंतर उगवतो, म्हणजे सहा वाजता ट्रॉपिकहून निघालं तरी पुरतं. थंडी मात्र शून्याच्या जवळपासची. कानटोपी, हातमोजे, वाऱ्याला अडवणारं जाकीट असं सगळं अंगावर हवं, आणि दोन तासांनी तेच काढून ठेवायला सॅकमध्ये जागाही हवी.

सूर्योदय पाहून गाडी सनराइज पॉइंटला आणून लावली. पार्किंग साधारण दहापर्यंत भरतं. त्यानंतर आलात तर गाडी बाहेर ब्राइस कॅन्यन सिटीत ठेवून फुकट शटलने यावं. शटल एप्रिल ते ऑक्टोबर चालते. आमची वाट क्वीन्स गार्डनने उतरायची आणि नॅव्हाहो लूपने चढायची. एकूण २.९ मैल म्हणजे ४.७ किलोमीटर, चढउतार सहाशे फूट, आमच्या चालीने तीन तास. उलटंही जाता येतं, आणि ‘चढ सोपा हवा तर नॅव्हाहोने उतरा’ असा सल्ला पुष्कळजण देतात. मला तो पटत नाही. नॅव्हाहोची बाजू खडी आहे, आणि खड्या वाटेवर त्या बारीक खड्यांवरून उतरणं पन्नाशीच्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा महाग पडतं. चढताना घसरलात तर हात टेकतात, उतरताना घसरलात तर माकडहाड टेकतं. उद्यानवालेही घड्याळाच्या दिशेनेच जायला सांगतात. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे समोरून येणाऱ्यांची गर्दी अरुंद जागी कमी लागते.

क्वीन्स गार्डनची सुरुवात उघड्या धारेवरून होते. दोन्ही बाजूंना उतार, वाट मात्र ऐसपैस. उंचीला बिचकणाऱ्याला मधे चालवायचं आणि त्याची नजर पुढच्याच्या बुटांवर ठेवायला सांगायची. पहिली दहा मिनिटं गेली की धार संपते आणि भिंती वर येतात, मग भीती आपोआप जाते. पुढे भिंतीसारख्या धारांना आरपार फोडलेले छोटे बोगदे लागतात. ते निसर्गाचे नव्हेत, वाट काढताना माणसांनी खणलेले. बोगद्याच्या तोंडाशी गट थांबवायचा नाही, सगळे तिथेच फोटोला उभे राहतात आणि मागचे तुंबतात. पलीकडे दहा पावलांवर जागा रुंद आहे, तिथे थांबावं.

साधारण ०.९ मैलावर डावा-उजवा शोध घ्यायला लावणारा एक छोटा फाटा लागतो. पाटी आहे, पण बोलण्याच्या नादात चुकते. त्या फाट्याच्या टोकाशी जिच्यावरून बागेला नाव पडलं ती ‘राणी’, मुकुट घातलेल्या व्हिक्टोरियासारखा दिसणारा सुळका. नेमकं कुठून पाहायचं ते कळेपर्यंत ती दिसत नाही, एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही. मराठी गटात इथे कुणीतरी चाफेकरांचं नाव काढतंच. मुंबईतल्या हिच्या पुतळ्याला दामोदर चाफेकरांनी डांबर फासलं होतं. या राणीचं ते काम बर्फ विनासायास करतो आहे.

फाट्यापाशी थांबून एक भिंत हातभर अंतरावरून नीट पाहावी. लांबून एकसंध लाल वाटणारा खडक जवळून पट्ट्यापट्ट्यांचा आहे. वीतभर जाडीचा फिकट, टणक थर पुढे आलेला. त्याखाली चार बोटांचा मातकट थर आत गेलेला, नखाने खरवडेल इतका मऊ. पुन्हा टणक, पुन्हा मऊ. मऊ थरातली माती पावसात भिजून ओघळते आणि खालच्या थरांवर लाल गिलावा चढवते. जिथे हल्लीच कपचा उडाला आहे तिथे गिलाव्याआडचा खडक चक्क पांढुरका दिसतो. कपचा जिथे पडला तिथे पायथ्याशी त्याचा ताजा, धारदार ढीग असतो. जुन्या ढिगाच्या कडा विरघळून गोल झालेल्या. अशा ताज्या ढिगाशेजारी जेवायला बसायचं नाही, एवढं तरी त्यावरून समजतं. खडकाला हात लावायला हरकत नाही, पण चढायचं नाही, कपचे खिशात घालायचे नाहीत आणि दगडांवर दगड रचून मनोरे करायचे नाहीत.

या भागातल्या पायूट या मूळनिवासी लोकांच्या कथेत हे सुळके म्हणजे पूर्वीचे ‘दंतकथेतले लोक’. त्यांनी वाईट वागून कोयोट देवाचा राग ओढवून घेतला आणि त्याने सगळ्यांना दगड केलं, कुणी उभे, कुणी बसलेले, चेहऱ्यांवर लाल रंग तसाच. कोनाड्याच्या तळाशी उभं राहून वर पाहिलं की ही कथा इथेच का सुचावी ते समजतं. वरून दिसतात ते सुळके, खालून दिसते ती गर्दी.

राणीपासून नॅव्हाहोपर्यंतचा सुमारे पाऊण मैल तळातून, पाइनच्या झाडांतून जातो. सावली आहे, चढउतार किरकोळ. याच टप्प्यात खाऊन घ्यायचं, चढाच्या तोंडाशी नव्हे. भरल्या पोटी लगेच खडा चढ लागला की मळमळतं. उंचीवर पचन तसंही मंदावतं. आम्ही झाडाखाली पंचवीस मिनिटं बसलो, दोन पुऱ्या आणि खजूर खाल्ले आणि प्रत्येकाने निदान पाव लिटर पाणी प्यायलं का, ते एकमेकांना विचारून घेतलं. मित्रांत हे विचारायला लाज नसते, हा जुन्या गटाचा खरा फायदा.

पुढे तिठ्यावर पाट्या नीट वाचायच्या. इथून एक वाट पीकअबू लूपला जाते. ती सुंदर आहे पण पुढे बरेच चढउतार आहेत, शिवाय त्या वाटेवर घोडे चालतात. चुकून तिकडे वळलेला गट दीड-दोन तासांनी परततो. मोबाइलला खाली भरवशाची रेंज नाही, तेव्हा ‘पुढे जा, फोन करतो’ चालत नाही. आमचा नियम साधा होता. कुठलाही फाटा आला की पुढच्याने थांबायचं आणि सगळी डोकी मोजल्याशिवाय हलायचं नाही.

नॅव्हाहोच्या चढाला दोन बाजू आहेत, टू ब्रिजेस आणि वॉल स्ट्रीट. दोन्ही त्याच माथ्यावर, सनसेट पॉइंटला निघतात. वॉल स्ट्रीट म्हणजे उंच उभ्या भिंतींमधली अरुंद घळ, आणि तिच्या तळातून डग्लस फरची झाडं उजेडाच्या शोधात सरळसोट वर गेलेली. त्यांतली काही कित्येक शतकांची आहेत. हिवाळ्यात ही बाजू बर्फ आणि दगड पडण्याच्या धोक्यामुळे बंद ठेवतात. एरवीही दरड आली की दोन्हींपैकी एखादी बाजू बंद असू शकते. सकाळी व्हिजिटर सेंटरला विचारूनच उतरावं, नाहीतर तळाशी पोचल्यावर फाटकाला कुलूप दिसतं.

चढ साडेपाचशे फुटांचा, म्हणजे १७० मीटरच्या आत. आतकरवाडीने सिंहगड चढणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण इथे दम लागतो तो पायांना नव्हे, छातीला, आणि तो अचानक लागतो. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचं. वेग असा की पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की तो वेग जास्त आहे. नागमोडी वळणांच्या प्रत्येक दुसऱ्या कोपऱ्यावर उभ्यानेच अर्धा मिनिट थांबायचं, आतल्या बाजूला, म्हणजे मागून येणारे अडत नाहीत. बसायचं नाही. बसलं की नाडी खाली येते, पाय थंड पडतात आणि पुन्हा उठताना पहिली पन्नास पावलं नव्याने जड जातात. वळण तोडून सरळ वर चढायचा मोह तरुणांना होतो, पण खालच्या वळणावर माणसं असतात आणि सुटलेला दगड थेट त्यांच्याकडे जातो. डोकेदुखी वाढत गेली, ओकारी आली किंवा पाय अडखळायला लागले तर थांबून वाट पाहण्यात अर्थ नाही. इथे खाली जाऊनही सुटका नाही, गाडी वर आहे, म्हणून ओझं दुसऱ्याने घ्यायचं आणि अगदी सावकाश वर काढायचं. उंचीवरून खरं उतरायचं ते त्यानंतर, गाडीने, ट्रॉपिकला.

माथ्याजवळ टू ब्रिजेसच्या बाजूला थॉर्स हॅमर दिसतो, भल्यामोठ्या डोक्याचा एकटा सुळका. वॉल स्ट्रीटने वर आलात तरी सनसेट पॉइंटवरून पाचसात मिनिटं खाली उतरून तो जवळून पाहता येतो. सकाळी पलीकडच्या भिंतींवरून परतलेलं ऊन त्याच्या सावलीतल्या बाजूवर पडतं आणि सावलीही नारिंगी होते. दुपारी तो सपाट दिसतो.

दुखऱ्या गुडघ्याच्या मित्रासाठी वेगळी सोय होती. त्याने आमच्याबरोबर क्वीन्स गार्डनने उतरून त्याच वाटेने परत चढायचं, एकूण १.८ मैल आणि ३२० फूट. कड्याखाली उतरणाऱ्या वाटांत ही सगळ्यात सोपी. एकट्याला परत पाठवायचं नाही, सोबत एकजण. वर आल्यावर सनराइज ते सनसेट हा अर्ध्या मैलाचा फरसबंद, जवळजवळ सपाट तुकडा आहे, व्हीलचेअरही जाते. दोघं तिथून चालत येऊन बाकावर बसले आणि वॉल स्ट्रीटने वर येणाऱ्यांना भेटले. अजिबात न उतरणाऱ्यालाही हा अर्धा मैल पुरेसा आहे. इथे वरून दिसणारं दृश्य म्हणजे उरलंसुरलं नव्हे.

दुपार गाडीसाठी. उद्यानातला रस्ता १८ मैलांचा, शेवट रेनबो पॉइंटला, ९,११५ फुटांवर. पाहण्याच्या जागा सगळ्या पूर्वेच्या, म्हणजे जाताना डाव्या हाताला. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, तेव्हा जाताना थांबत गेलात तर दर वेळी समोरची रहदारी ओलांडावी लागते. म्हणून आधी न थांबता थेट टोकाला जायचं आणि येताना उजव्या हाताला एकेक जागा घेत यायचं. वेळ कमी असेल तर अगुआ कॅन्यन आणि नॅचरल ब्रिज एवढ्या दोन पुरेत. नॅचरल ब्रिज हा खरं तर पूल नव्हेच, वाहत्या पाण्याने तो कोरलेला नाही. पाऊस, बर्फ आणि झिजेने पडलेली ती कमान आहे. रेनबो पॉइंटला मैलभराची ब्रिसलकोन लूप आहे. ब्रिसलकोन पाइनची हजार वर्षांहून जुनी, पिळवटलेली झाडं तिथे कड्याच्या टोकाशी आहेत. पण तोवर सकाळचा चढ पायांत उतरलेला असतो, त्यामुळे आमच्यातले निम्मे गाडीतच झोपले होते.

जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर दुपारचं हे सगळं बेभरवशाचं. त्या काळात दुपारी ढग जमून विजा कोसळतात, आणि कड्याचा माथा ही त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांच्या आत वेळ असेल तर गाडीत किंवा इमारतीत जायचं, झाडाखाली नव्हे. त्या महिन्यांत कड्याखालची चाल सकाळी दहाच्या आत आटोपावी. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत सावलीतल्या वळणांवर बर्फ घट्ट बसतो. तेव्हा बुटांना लावायच्या खिळ्यांच्या साखळ्या लागतात, त्या उद्यानाबाहेरच्या दुकानांत मिळतात.

रात्री अमावास्येच्या आगेमागे आलात तर जेवून पुन्हा एकदा कड्यावर यावं. २०१९ पासून ही जागा आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क आहे. आकाशगंगा साध्या डोळ्यांना दिसते. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात आणि कुणीतरी वेळ बघायला मोबाइल उघडला की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात. लाल दिव्याची विजेरी एक पुरते. परतीला हायवेवर हरणं येतात, गाडी सावकाश.

निघायच्या दिवशी पाय आखडलेले असतात, तेव्हा मॉसी केव्ह बरी. ही वाट हायवे १२ वर, ट्रॉपिकच्या बाजूला, मुख्य गेटच्या बाहेर आहे. जाऊन-येऊन ०.८ मैल, चढ नाममात्र. बाजूने वाहणारं पाणी ओढ्याचं वाटतं, पण तो पाट आहे. ट्रॉपिकच्या वसाहतकारांनी १८९० ते १८९२ या काळात कुदळ-फावड्याने तो खणला आणि पठारावरच्या सेव्हियर नदीच्या पूर्व फाट्याचं पाणी पलीकडे शेतीला आणलं. नदीशिवाय घडलेल्या या जागेत हे माणसांनी आणलेलं वाहतं पाणी, आणि गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या एका ओघळीची झीज त्याच्यामुळे बाकीच्या उद्यानापेक्षा वेगळी व्हायला लागली आहे. पार्किंगमध्ये थोड्याच गाड्या मावतात. सकाळी नऊच्या आत जागा मिळते, नाहीतर पुढे जाऊन वळून यावं लागतं. रस्त्याच्या कडेला गाडी लावू नये, दंड होतो.